पाच माणसांचं एक मरण

गडाचा दरवाजा उघडून केशरी कपड्यांतले राजपूत बाहेर पडले तेव्हा तो जेवत होता. समोर टीव्ही, शेजारी बायको, आणि टीव्हीला जवळजवळ चिकटून ठेवलेल्या खुर्चीत वहिनी. साडेआठ वाजता घर असंच मांडलेलं असायचं. मालिकेवर त्याचं पोट चालत होतं, त्यामुळे ती बघायची त्याला कधी हौस वाटली नाही. दिवसभर रांधणाऱ्याला आपल्याच हातचं गोड लागत नाही, त्यातली गत. दोन वर्षं चाललेल्या कथेचा आज शेवटचा वेढा होता. गडावरचं धान्य संपलं होतं, बायकांचं जे व्हायचं ते दोन मिनिटांच्या धुरात उरकलं होतं, आणि उरलेले तीनशे वीर आता मरायला निघाले होते. तीनशे म्हणजे खरे बावीस. बाकीचे धुळीत आणि कॉम्प्युटरात. त्या तीनशेंचे आवाज मात्र आठ जणांचे होते आणि त्या आठांतला एक तो. पहिला वीर घोषणा देत पडला. दुसराही घोषणा देत पडला. तिसरा पांढऱ्या दाढीचा होता. छातीत भाला घेऊन तो गुडघ्यांवर आला, त्यानं तोंड उघडलं, आणि आतून जे बाहेर आलं ते ऐकून याचा घास तोंडातच राहिला. आवाज त्याचा स्वतःचा होता. त्यात नवल नव्हतं; पडद्यावर आपल्या आवाजात मेलेली माणसं त्यानं शेकड्यांनी ऐकली होती. पण हा आवाज आपण कधी दिला, ते त्याला आठवेना.

आणि न आठवणं शक्यच नव्हतं. वीस वर्षं तो हेच करत आला होता. स्टुडिओत त्याला नावानं कुणी हाक मारत नसे, 'शहीद' म्हणत. शहीद, चहा घेणार का. शहीद, तुझी चप्पल मध्ये येतेय. गर्दीचे आवाज देणारे ते आठ जण मिळून बाजार भरवत, दंगल करत, सभेत टाळ्या पिटत, पण मरायची वेळ आली की बाकीचे सात मागे सरत आणि हा पुढे होई. बाणानं मरणं निराळं, त्यात आवाज आधी आत जातो. तलवारीचं मरण लांबतं. घोड्यावरून पडून मरायचं तर दोन तुकडे करावे लागतात, एक हवेतला आणि एक जमिनीवरचा. हे सगळं त्याच्या डोक्यात फडताळातल्या डब्यांसारखं लावलेलं होतं. आणि या शेवटच्या भागासाठी तर त्यानं असं एकही मरण दिलं नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी दिग्दर्शकानं आठही जणांना समोर उभं करून बजावलं होतं, "हे साधे शिपाई नाहीत. परत न येण्यासाठी निघालेत. वीर कण्हत नाही. सगळ्यांनी घोषणा देत मरायचं." मग आठही जण दुपारभर घोषणा देत मेले. घरी जाताना याला हलकंच वाटलं होतं, बऱ्याच दिवसांनी घसा सोलून न निघता काम संपलं म्हणून. मग हा आवाज आला कुठून?

तो पुन्हा आला. या वेळी एक तरणा पोर घोड्यावरून खाली गेला आणि त्याच्या तोंडी तेच. खालून, पोटातून सुरू होणारं, काहीतरी बोलायला घेतल्यासारखं, मग वर चढणारं, मध्येच फाटणारं, आणि श्वास संपल्यावरही उघडं राहिलेलं तोंड ऐकू येणारं. त्याच्या मनात पाल चुकचुकली. फडताळातल्या कुठल्याच डब्यात हे नव्हतं. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. "काय झालं? तिखट लागलं?" "नाही." "अहो, हा तुमचाच ना आवाज?" "असेल कुणाचा तरी. मरताना सगळे सारखेच ओरडतात," तो म्हणाला आणि पाणी प्यायला. बायकोला ते पटलं, किंवा तिनं पटवून घेतलं. ती उठून आत गेली. त्याची नजर वहिनींच्या मानेवर होती. वहिनी कधी टीव्ही बघताना हलत नसत. तिसऱ्यांदा तो आवाज आला तेव्हा त्यांचा हात मांडीवरून उठला, रिमोटवर गेला, आणि त्यांनी आवाज दोन घरं वाढवला. मग चौथ्यांदा. पाचव्यांदा तर सेनापतीच्याच तोंडात घातला होता, सगळं हळूहळू चाललेलं, केशरी कापड हवेत तरंगणारं, घोड्याच्या नाकपुडीतली वाफ, आणि त्यावर त्याचा आवाज ताणून लांब केलेला. वहिनींनी टीव्ही बंद केला. उठताना एवढंच म्हणाल्या, "पुरुष मरायला अर्धा तास, आणि बायकांना दोन मिनिटांचा धूर." हे त्या कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही. मधल्या वाटेतल्या आपल्या दोन बॅगांना वळसा घालून त्या खोलीत गेल्या.

त्या बॅगा चार दिवसांपासून तिथं होत्या. वहिनी रविवारी बहिणीकडे जाणार होत्या, कायमच्या. भांडण झालं नव्हतं. या घरात भांडण व्हायला आधी बोलणं तरी व्हावं लागलं असतं. दादा गेल्याला सव्वा वर्ष झालं होतं, आणि या सव्वा वर्षात वहिनी त्याच्याशी पाणी आलंय, दार लावा, फोन वाजतोय, याच्या पलीकडे बोलल्या नव्हत्या. कारण त्याला ठाऊक होतं. दादाला पोहोचवून आल्यावर घरात माणसं बसलेली असताना, आपण कुणाला ऐकू जातोय याची फिकीर न करता, वहिनी आतल्या खोलीत आपल्या बहिणीला म्हणाल्या होत्या, "भावजींच्या डोळ्यांतून टिपूस नाही निघालं. परक्यांसाठी रोज मरतात, आणि सख्ख्या भावासाठी एक हुंदका नाही." भिंत पातळ होती आणि त्याचे कान धंद्यानं तिखट झालेले. त्यात खोटं काय होतं? तो खरंच रडला नव्हता. रुग्णालयात नाही, नंतर नाही, पुढे कधी एकटा असतानाही नाही. एकदा त्यानं न्हाणीघरात नळ सोडून प्रयत्न करून पाहिला. घशातून जे यायला लागलं ते तलवारीचं आहे हे त्याला पहिल्याच क्षणी कळलं. त्यानं नळ बंद केला आणि पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

दादा एका कारखान्यात तपासनीस होता. लोखंडाचे सुटे भाग एकेक करून मापाला लावायचे आणि म्हणायचं, 'चालेल' किंवा 'परत'. चौतीस वर्षं त्यानं हेच दोन शब्द म्हटले, घरीसुद्धा. शर्टाची इस्त्री, परत. चहा, चालेल. लहानपणी जिन्यात लढाई व्हायची तेव्हा दादा डोक्याला टॉवेल गुंडाळून वरच्या पायरीवर उभा राहायचा, हातात फुटपट्टी, तो राजा. बाकी सगळं सैन्य म्हणजे हा. सैन्यानं जिना चढत यायचं आणि मरायचं. "असं कुणी मरतं का? परत मर." तो खाली जायचा, पुन्हा चढायचा, पुन्हा मरायचा. गुडघे फुटायचे. शेजारच्या म्हातारबाबांनी एकदा दार उघडून विचारलं होतं की पोराला झटके येतात का. त्यावर दादा इतका हसला की फुटपट्टी खाली पडली. बऱ्याच वर्षांनी, याला पहिलं काम मिळालं तेव्हा दादानं कारखान्यात पेढे वाटले नाहीत की काही नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सराव आहेच." त्याचं कौतुक ते एवढंच. दादाच्या तोंडून 'चालेल' त्याला कधी मिळालं नव्हतं. मिळावं असं वाटायचं वय निघून गेलं असं तो धरून चालला होता.

ताट धुताना त्याला ते आठवलं. आठवलं म्हणण्यापेक्षा पाण्याच्या आवाजात ते समोर येऊन उभं राहिलं. मंगळवार होता. स्टुडिओत फोन बाहेरच्या टोपलीत ठेवून आत जायचं असा नेम, पण दादा तेव्हा रुग्णालयात होता म्हणून त्यानं सांगून-विचारून फोन खिशात ठेवला होता. चहाची वेळ झाली, बाकीचे सात बाहेर गेले, तो आतच राहिला. खिसा थरथरला. बायको म्हणाली, "अहो, दादा गेले." त्यापुढचं त्याच्या आठवणीत असं होतं: तो 'बरं' म्हणाला, फोन खिशात टाकला, बाहेर येऊन तोंड धुतलं आणि घरी निघाला. सव्वा वर्ष तो हीच आठवण वापरत होता. आता ताट हातात धरून त्याला जाणवलं की 'बरं' आणि तोंड धुणं यांच्यामध्ये जागा आहे. फोन सव्वाअकराला आला होता. रुग्णालयात तो पोहोचला दीड वाजता. वाट फार तर पाऊण तासाची. वहिनींनी तेव्हा घड्याळाकडे पाहिलं होतं, आणि तो म्हणाला होता, वाहतूक. वाहतूक नव्हती. मग तो दीड तास होता कुठे?

रडला होता तर! पहिल्यांदा त्याला जे वाटलं ते सुखासारखं काहीतरी होतं, आणि त्याची त्याला लाज वाटली. पण होतं ते होतं. आपणही माणूस आहोत, दादा गेल्याचं कळल्यावर आपल्या पोटातून तो आवाज निघाला, माइक चुकून चालू राहिला असेल, त्यानं तो टिपला. पुरावा आहे. जाऊन वहिनींना सांगावं, की वहिनी, तुम्ही म्हणालात ते खरं नाही, ऐकलंत ना आज, तो मीच. त्यानं हात पुसले. दाराशी गेला. आणि तिथं त्याच्या धंद्याच्या कानानं त्याला मागं ओढलं. आवाज फार स्वच्छ होता. गर्दीचा आवाज देताना माइककडे पाठ करायची, चार पावलं लांब जायचं, मग आठांचे तीनशे होतात. एकट्याचा, जवळचा आवाज द्यायचा तर माइकपासून वीतभर उभं राहायचं आणि तोंड किंचित डावीकडे वळवायचं, म्हणजे श्वास जाळीवर आदळत नाही. आज पाचही वेळा श्वास आदळला नव्हता. मधल्या वेळेत तो बसायचा मागच्या भिंतीपाशी, लाकडी पेटीवर. तिथून दिला असता तर आवाज खोल, भांड्यातून आल्यासारखा आला असता. हा वीतभरावरून दिलेला होता. तोंड डावीकडे वळवून. म्हणजे भाऊ मेल्याचं ऐकून तो पेटीवरून उठला होता, सात पावलं चालला होता, जमिनीवरच्या आपल्या निळ्या पट्टीवर येऊन उभा राहिला होता, आणि मग. वहिनींच्या दाराखालून उजेड दिसत होता. तो परत फिरला आणि आपल्या खोलीत जाऊन पडला. झोप लागली नाही हे सांगायला नकोच.

सकाळी तो स्टुडिओत सगळ्यांच्या आधी पोहोचला. तळघरातली खोली, भिंतींना जाड कापड, जमिनीवर गालिच्याचे तुकडे, त्यावर आठ रंगांच्या आठ पट्ट्या. काचेपलीकडे ध्वनिमुद्रक. त्याला गाता गळा नाही म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणत आणि त्याला ते आवडायचं. तो डबा उघडून बसला होता.

"कालच्या भागातलं ते मरण," हा शक्य तितकं सहज म्हणाला, "कुठून काढलंस?"

"आवडलं ना?" कानसेननं बोटं पुसली. "अरे, शेवटच्या दिवशी दिग्दर्शकाचं डोकं फिरलं. म्हणे सगळेच घोषणा देत मेले तर निवडणुकीचा प्रचार वाटतो. चार-पाच जण माणसासारखे मरू देत. आता ऐन वेळी तुला कुठून बोलावू? माझ्याकडे होतं एक ठेवलेलं. सोनं आहे ते. चॅनेलवाल्यांचा पण फोन आला सकाळी."

"ऐकव. पहिल्यापासून."

पडद्यावर फाइलचं नाव होतं, 'शहीद, उत्तम, एक'. कानसेननं बटण दाबलं. आधी नुसती खोली ऐकू आली. तिचाही एक आवाज असतो. मग लाकूड करकरलं, पेटीवरून कुणीतरी उठलं. पावलं. त्यानं नको नको म्हणत आपोआप मोजली, सात. थांबली. श्वास. आणि मग तो आवाज, ज्यात काल पाच माणसं मेली होती. इथं त्याला घोडे नव्हते, धूळ नव्हती, संगीत नव्हतं. अंगावर काटा आला, आणि काटा येत असतानाच त्याच्यातला एक माणूस बाजूला उभा राहून म्हणत होता की खरंच चांगलं आहे. मग शांतता. मोजली तर चार सेकंद. मग त्याचाच आवाज, रोजचा, कामातला, थोडा घोगरा: "चालेल?" आणि काचेपलीकडून कानसेन: "चालेल काय, झकास. ठेवून देतो, कधीतरी लागेल. अजून दोन देऊन ठेव." आणि तो: "हं."

दुसरा आवाज सुरू झाला. तो पहिल्याची नक्कल होता. खालून सुरू, मग वर, मध्ये फाटलेला, बरोबर त्याच जागी फाटलेला. तिसरा त्याहून सफाईदार.

"हे दोन नाही वापरले," कानसेन म्हणाला. "पहिल्याची सर नाही त्यांना. दुसरी-तिसरी खेप तुझी पडतेच."

"त्या वेळी मला फोन आला होता," तो म्हणाला. "भाऊ गेल्याचा."

कानसेनचा हात बटणावरच राहिला. मग तो म्हणाला, "मला माहीत नव्हतं रे. तू बोलला नाहीस. मला वाटलं, पेटीवर बसून पुढच्या सीनची तयारी करतोयस, म्हणून मुद्रणाचा लाल दिवा लावला मी." आणि अगदी साधेपणानं, कारण तो वाईट माणूस नव्हता, "पण मग तू अजून दोन दिलेस की. जेवायच्या सुट्टीपर्यंत थांबलास. सगळी दंगल पुरी केलीस."

"पुसून टाकशील?"

"पुसू? अरे, दहा वर्षं चालेल ते. पुढच्या मालिकेत समुद्री चाचे आहेत."

बाहेर रस्त्यावर ऊन होतं. त्यानं बस सोडून दिली आणि चालत निघाला. एका दुकानात टीव्ही विकायला मांडले होते, ओळीनं अकरा, आणि अकराही पडद्यांवर मालिकेची जाहिरात चालली होती. काचेमुळे आवाज येत नव्हता. अकरा दरवाजे उघडत होते, अकरा पांढऱ्या दाढ्या गुडघ्यांवर येत होत्या. त्याला वाटलं, या लोकांना निदान ठाऊक होतं. खरे जे कोण असतील ते, पुस्तकातले, ज्यांच्यावरून हे बावीस जण बेतले. त्यांनी सकाळी कपडे बदलले तेव्हा त्यांना ठाऊक होतं की आपलं मरण कुणी बघणार नाही. बघणारी जी होती ती आधीच धुरात गेली. समोर मारणारे तेवढे. अशा वेळी माणूस घोषणा देतो की कण्हतो? की त्यालाही वाटतं, कुणीतरी बघतंय, नीट पडलं पाहिजे? याचं उत्तर दिग्दर्शकाला नव्हतं, त्यानं दोन्ही करून ठेवलं होतं. त्याला स्वतःला तर एकच प्रश्न होता, आणि तो जिथं तिथं आडवा येत होता: पावलं कुणी टाकली? भाऊ मेलेल्या माणसानं की मरायच्या धंद्यातल्या माणसानं? दोघांचे पाय तेच. वहिनींनी ओळखलं असेल तर त्या विचारतील. 'हो, रडलो होतो' म्हटलं तर ते खोटं होत नाही. चार सेकंदांपर्यंत खोटं नाही. पुढचं कोण सांगायला जातंय? कानसेन आणि वहिनी या जन्मात भेटायचे नाहीत. आवाज स्वच्छ कापून देता येतो, रोजच देतात. आणि कुठे कापायचं ती जागा त्याच्या कानानं आधीच हेरून ठेवली होती.

घराचं दार उघडलं तेव्हा एक वाजत होता, म्हणजे कालच्या भागाच्या पुनःप्रक्षेपणाची वेळ. बायको कामावर गेली होती. वहिनी त्याच खुर्चीत होत्या. गडाचा दरवाजा अजून बंद होता. त्या मागं न वळता म्हणाल्या, "पाच वेळा आहे. काल मोजलं मी."

तो चपला काढता काढता थांबला. "काय?"

"तुमचा आवाज. पहिल्यांदा भास वाटला. मग आवाज वाढवून ऐकला. तुमची बाकीची मरणं मला पाठ आहेत, भावजी, ह्यांनी एक भाग चुकवू दिला नाही कधी. हे त्यातलं नाही." मग त्या वळल्या. "हे कधीचं आहे?"

तो त्यांच्यापासून बराच लांब होता. दोन पावलं पुढं आला आणि त्याच्या लक्षात आलं की आपण तोंड किंचित डावीकडे वळवलंय. त्यानं ते सरळ केलं. तसं उभं राहून बोलणं त्याला फार अवघड गेलं.

"दादा गेल्याचा फोन आला, तेव्हाचं."

वहिनींच्या चेहऱ्यावर काहीतरी सुटायला लागलं. तो तिथंच थांबला असता तर भागलं असतं. ती कापायची जागा तीच होती.

"पण ते पुरतं तसं नाही, वहिनी," तो म्हणाला. "मी लांब बसलो होतो. उठून माइकपाशी गेलो आणि मग ओरडलो. नीट अंतर धरून. आणि ओरडून झाल्यावर मी विचारलं, चालेल? त्यानं अजून दोन मागितले. ते पण दिले. जेवायच्या सुट्टीपर्यंत काम केलं. वाहतूक नव्हती त्या दिवशी."

टीव्हीवर दरवाजा उघडला. घोडे बाहेर पडायला लागले. वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं, असं त्याला झालं.

"ओरडून झाल्यावर विचारलंत?" त्या म्हणाल्या. "चालेल म्हणून?"

"हो."

"कुणाला?"

"ध्वनिमुद्रकाला. काचेपलीकडे तोच होता. दुसरं कोण असणार?"

"तुम्हाला तसं वाटतंय तर तसं." वहिनींनी पदराला हात पुसले, हात कोरडेच होते. "आमचं लग्न झालं त्या वर्षी ह्यांनी मला तुमचं सगळं सांगितलं होतं. जिन्यात मरायचात ते. म्हणाले, धाकटा पायरीवर पडला की एक डोळा उघडायचा आणि पडल्या पडल्या विचारायचा, दादा, चालेल? आणि हे म्हणायचे, परत. दर वेळी. सांगताना हसायचे, आणि मग गप्प व्हायचे."

त्याला हे आठवत नव्हतं. गुडघे आठवत होते, फुटपट्टी आठवत होती, म्हातारबाबा आठवत होते. विचारलेलं आठवत नव्हतं.

"रुग्णालयात न्यायच्या आधी दोन दिवस," वहिनी पुढं म्हणाल्या, "इथंच पलंग होता. संध्याकाळी मालिकेत तुमचा कुणीतरी पडला. पाण्याच्या काठी, बाण लागून. हे उशीवरून म्हणाले, चालेल. मला वाटलं पाणी हवंय की काय, मी जवळ गेले. तर पडद्याकडे बोट केलं आणि परत म्हणाले, याला सांग. चालेल." त्यांनी पलंगाच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "मी सांगणारच होते. मग तुम्ही ते कोरडे डोळे घेऊन दीड वाजता आलात. म्हटलं, यांना कशाला सांगायचं. यांना काय त्याचं. सव्वा वर्ष ठेवून घेतलं मी माझ्यापाशी. रविवारी तसंच घेऊन जाणार होते."

पांढऱ्या दाढीचा गुडघ्यांवर आला. त्यानं तोंड उघडलं. वहिनींनी रिमोट उचलला आणि आवाज पार बंद केला. तो म्हातारा नुसताच तोंड उघडून राहिला, मग पडला. त्याच्यामागून दुसरा आला.

"जाणार मी आहेच," वहिनी म्हणाल्या. "ते याच्यावर नाही. बहिणीला गुडघ्यांचं होतंय, तिला माणूस हवंय."

त्यानं मान हलवली. बरं म्हणायला तोंड उघडलं. वहिनींच्या खुर्चीमागं भिंतीला टेकून तो कसा बसला ते त्याला कळलं नाही. चप्पल एका पायातच राहिली होती. घशातून जे निघालं ते बाणाचं नव्हतं, तलवारीचं नव्हतं, आणि कालच्या त्या पाच जणांचंही नव्हतं. ते गाळ अडकलेल्या मोरीसारखं निघालं, अडखळत, नाकातून, मध्ये उचकी, मग काहीच नाही, मग पुन्हा. त्याला चढ नव्हता, शेवट नव्हता, मध्येच शिंक आली. पडद्यावर राजपूत न बोलता पडत होते, एकामागून एक, आणि वहिनी पाठमोऱ्या बसून ऐकत होत्या, कारण वळलं तर हे थांबेल हे त्यांना कळत होतं. बराच वेळ ते चाललं. असला आवाज कुठल्याही स्टुडिओत कुणी ठेवून घेतला नसता.